मूल कितवीत आहे, आणि त्याला येतं काय?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत कुणी विचारलं, "कर्जाची बाकी किती राहिली?" तर आपल्यातल्या बहुतेक जणी पासबुक न उघडता आकडा सांगतात. गेल्या महिन्यात कुणाचा हप्ता थकला तेही तोंडपाठ असतं. पण "तुझ्या पोराला वाचता येतं का गं?" असं विचारलं की उत्तर येतं, "तिसरीत आहे की तो." हे उत्तर इयत्तेचं झालं. वाचनाचं उत्तर वेगळं असतं आणि ते घरच्या घरी दहा मिनिटांत मिळतं. आपल्या दशसूत्रीत शिक्षणाचंही सूत्र आहे. म्हणून या अंकात मराठी शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलाला काय यायला हवं ते पाहू. ज्या ताईंना वाचता येत नाही त्यांनी हा लेख कुणाकडून तरी वाचून घ्यावा. तपासणी त्यांनाही करता येते.

इयत्ता आपोआप वाढते

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यात आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला नापास करायचं नाही असं ठरलं. यामागचं कारण चांगलं होतं. नापासाचा शिक्का बसला की मूल शाळा सोडायचं, आणि मुलगी असली तर घरचेच म्हणायचे, "बस झालं आता शिक्षण." पण लोकांनी याला 'ढकलपास' नाव दिलं आणि एक गोष्ट विसरली गेली. नापास करायचं नाही म्हणजे शिकवायचं नाही असं कायद्यात कुठेच नव्हतं. मागे पडलेल्या मुलाला जादा वेळ देऊन शिकवायचं होतं.

2019 मध्ये कायद्यात बदल झाला. आता महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते. त्यात मूल पास झालं नाही तर त्याला जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. तीही जमली नाही तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. मात्र शाळेतून काढता येत नाही. म्हणजे पहिलीत राहिलेली कसर चार वर्षं कुणाच्या नजरेस न येता पाचवीत एकदम उघडी पडू शकते. 'असर' नावाची पाहणी देशभरातल्या खेड्यांत घरोघर जाऊन होते. तिच्या 2024 च्या अहवालात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. ही सगळी मुलं रोज दप्तर घेऊन शाळेत जाणारी होती.

पहिली

5 जुलै 2021 रोजी केंद्र सरकारने 'निपुण भारत' हे अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब यावेत, हे त्याचं उद्दिष्ट. त्यात इयत्तेप्रमाणे लक्ष्यं ठरवून दिली आहेत. आपल्या शाळेतले गुरुजी-बाई तीच लक्ष्यं धरून चालतात.

पहिली संपताना मुलाला चार-पाच सोप्या शब्दांचं, आधी न पाहिलेलं वाक्य वाचता यावं. "आई बाजारातून पेरू आणते" एवढं. 99 पर्यंतचे अंक वाचता-लिहिता यावेत, छोटी बेरीज-वजाबाकी यावी.

काही जणी तक्रार करतात की पोरगं अजून क, ख, ग, घ सलग म्हणत नाही. त्याची काळजी नको. आता शाळेत अक्षरं त्याच क्रमाने शिकवतातच असं नाही. काही अक्षरांचा गट घेतात आणि त्यांचेच शब्द बनवतात. घर, नळ, कमळ असे शब्द आधी, मग काना, वेलांटी, मात्रा. मूल 'कमळ' वाचतं आणि 'काम' वाचताना अडतं, म्हणजे काना राहिलाय. हे नेमकं कळलं की मदतही नेमकी होते.

पाठांतराचा फसवा आवाज

आता तपासणीची युक्ती. मूल पुस्तक उघडून भराभर वाचतं, आपण भाकरी थापता थापता ऐकतो आणि समाधान वाटतं. पण तो धडा त्याला पाठ झालेला असतो. चित्र पाहून धडा ओळखतं आणि पुढचं म्हणत जातं.

म्हणून बोट ठेवा. ओळीच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा, "हा कोणता?" मग खालच्या ओळीतला एखादा, मग वरचा. एकाच रूपाचा शब्द पानावर दोन ठिकाणी दिसला तर दोन्हीकडे विचारा. वाचता न येणाऱ्या आईलाही दोन्ही ठिकाणचं चित्र सारखं आहे हे दिसतं. मुलाने दोन वेगळे शब्द सांगितले तर समजायचं की तो अंदाजाने बोलतोय. पुस्तकच हवं असंही नाही. तेलाची पिशवी, लग्नपत्रिका, रेशन दुकानाची पाटी, गटाच्या बैठकीची सूचना, काहीही चालेल. वाचून झाल्यावर "म्हणजे काय रे?" हे विचारायला मात्र विसरू नका. अर्थ सांगता आला तरच वाचन.

चुकलं तर ओरडू नका. शेजारच्या पोरीशी तुलना तर नकोच. आपल्याला काय राहिलंय ते शोधायचंय. एकदा मार बसला की मूल पुढच्या वेळी पाठच करून येतं आणि आपली तपासणी फुकट जाते.

दुसरी: पंचवीस की बावन्न?

दुसरीच्या शेवटी जोडाक्षरांसह छोटा उतारा मिनिटाला 45 ते 60 शब्द या वेगाने, समजून वाचता यावा. 999 पर्यंतच्या संख्या आणि 99 पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी यावी.

मुलं जास्त अडतात ती संख्यांत, आणि यात थोडी आपल्या भाषेचीही अडचण आहे. 'पंचवीस' म्हणताना आधी पाच येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी 2, मग 5. मूल ऐकतं तसं लिहितं आणि 52 होतात. 'एकोणतीस'ची तर आणखी मजा. कानावर तीस पडतं म्हणून पोरगं 39 लिहून मोकळं होतं. तीसला एक कमी म्हणजे एकोणतीस, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणिताच्या समितीवर असलेल्या डॉ. मंगला नारळीकर यांनी सांगितलं होतं की मुलांना संख्या सोप्या वाटाव्यात म्हणून हे केलंय. 'पंचवीस' काही हद्दपार झालं नव्हतं. मला विचाराल तर मूल अडत असेल त्या वेळी 'वीस आणि पाच, पंचवीस' असं दोन्ही एका दमात म्हणावं. बाजारात आणि गटाच्या हिशेबात पंचवीसच लागणार आहे.

घरी तपासायचं तर मुलाला सांगा, "तीनशे चार लिही." पुष्कळ मुलं 3004 लिहितात. तीनशे लिहिले आणि पुढे चार लावले! अशा वेळी नोटा काढा. शंभराच्या तीन नोटा, दहाची एकही नाही, रुपयाची चार नाणी. दहाच्या जागी काही नाही म्हणून तिथे शून्य. हे एकदा हाताने मांडलं की डोक्यात बसतं.

वजाबाकीही तशीच. 52 मधून 38 गेले की मुलं 26 उत्तर काढतात, कारण आठातून दोन वजा करणं त्यांना सोपं वाटतं. दहाच्या पाच नोटा आणि दोन नाणी द्या आणि म्हणा, "मला अडतीस रुपये दे." देताना दहाची एक नोट मोडावीच लागते. तोच हातचा. उरतात 14. आपण तर बाजारात हे रोज करतो, फक्त त्याला गणित म्हणत नाही.

तिसरी हे वळण

तिसरी संपताना मिनिटाला निदान 60 शब्द, समजून. 9999 पर्यंतच्या संख्या आणि गुणाकाराची साधी उदाहरणं. "एका ताईची बचत महिन्याला दोनशे, तर दहा ताईंची किती?" हे तिसरीच्या मुलाला सांगता यायला हवं.

तिसरीपर्यंत वाचायला येणं हाच मुख्य अभ्यास असतो. त्यानंतर वाचन हे हत्यार होतं आणि बाकी सगळे विषय त्याने कापायचे असतात. विळ्याला धार नसेल तर पीक कितीही चांगलं असो, कापणी पुढे सरकत नाही. परिसर अभ्यास, इंग्रजी, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळीकडे मूल तिथेच अडतं. मग घरात म्हणतात, "याचं गणित कच्चं आहे." कित्येकदा गणित ठीक असतं, उदाहरणच वाचता आलेलं नसतं. ते आपण वाचून दाखवलं आणि त्याने तोंडी उत्तर दिलं, तर दुखणं कुठे आहे ते कळलं.

ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींसाठी हे जास्त महत्त्वाचं. दिवाळीच्या आसपास गाव सुटतं ते उन्हाळा लागतो तेव्हा परत. म्हणजे दुसरं सत्र जवळजवळ सगळं जातं. दुसरी आणि तिसरीची अशी दोन सत्रं गेली तर मूल चौथीत बसतं, पण पुस्तक त्याच्यासाठी बंदच राहतं. निघण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून मुलाचं शिक्षण हमी पत्रक मागा. ते दाखवून कामाच्या ठिकाणच्या जवळच्या शाळेत मुलाला बसवता येतं. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होणार आहे का तेही ऑक्टोबरच्या आधीच विचारा. आजी-आजोबांकडे मूल ठेवून जात असाल तर गटातल्या मागे राहणाऱ्या एखादीने आठवड्यातून एकदा त्याचं वाचन ऐकावं. हे ग्रामसंघाच्या बैठकीत सहज ठरवता येईल.

चौथी आणि पाचवी

चौथीला महाराष्ट्रात शिवाजी महाराजांचा इतिहास शिकवला जातो. अफजलखानाची गोष्ट कुठल्याही पोराला येते, ती पोवाड्यात ऐकलेली असते. पण पुस्तकातला एखादा परिच्छेद स्वतः वाचून "महाराजांनी असं का केलं?" याचं उत्तर आपल्या शब्दांत द्यायचं, ही चौथीची खरी पायरी. सोबत भागाकार येतो, पाव-अर्धा-पाऊण येतात. पाऊण किलो साखर आणायला मुलालाच पाठवा आणि परत आल्यावर हिशेब मागा.

पाचवीत विषय वाढतात. मराठी शाळेत हिंदी इथून सुरू होते, गणितात अपूर्णांकांच्या पुढे दशांश येतात, लाखाच्या संख्या येतात. इंग्रजी पहिलीपासूनच असते, पण वाक्यं वाचून समजण्याची अपेक्षा आता वाढते. पुष्कळ गावांत शाळा चौथीपर्यंतच असल्याने मूल नव्या शाळेत, नव्या बाईंकडे जातं आणि त्याचा कच्चेपणा कुणाला माहीत नसतो. नवोदयची प्रवेश परीक्षाही पाचवीतच. आणि वर सांगितलेली वार्षिक परीक्षा आहेच. पाठ्यपुस्तकं सध्या टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, त्यामुळे थोरलीचं जुनं पुस्तक धाकट्याला देण्याआधी शाळेत विचारून घ्या.

सहावीपासून विज्ञान, इतिहास, भूगोल वेगळे होतात. सहावी-सातवीत बँक आणि सरळव्याज हा धडा येतो, आणि तिथे आपल्या घरात आयतं उदाहरण आहे. पाच हजारांचं कर्ज, शेकडा दोन रुपये महिना, तर पहिल्या महिन्याचं व्याज शंभर. गटाचं पासबुक मुलीसमोर ठेवा आणि पुढचे हप्ते तिलाच मांडू द्या.

शाळेत जाऊन काय बोलायचं?

प्रगतिपुस्तकात अ-1, ब-2 अशा श्रेणी असतात. त्यावरून जोडाक्षर वाचता येतं का ते कळत नाही. त्यामुळे "अभ्यासात कसा आहे?" असं मोघम विचारू नका. उत्तरही मोघमच मिळतं, "ठीक आहे, लक्ष द्या." आपण तपासलेलं सांगा: "बाई, तो साधे शब्द वाचतो, पण जोडाक्षराला अडतो. शाळेत काय करता येईल? घरी काय करू?" असं बोललं की शिक्षकांनाही बरं वाटतं, कारण त्यांच्याकडे कधी दोन-दोन वर्ग एकत्र असतात आणि एकेका मुलाकडे पाहायला वेळ अपुरा पडतो.

एक गोष्ट आधी तपासून घ्या. मूल फळ्यावरचं चुकीचं उतरवत असेल, पुस्तक डोळ्याजवळ नेत असेल, हाक मारल्यावर उशिरा वळत असेल, तर आधी डोळे आणि कान दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. ते कधी येणार हे मुख्याध्यापकांना किंवा आशाताईंना विचारा.

आणि शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. बऱ्याच ठिकाणी आपलं नाव कागदावर असतं आणि सही घरी येऊन नेली जाते. बैठकीची तारीख मागा आणि जा. तिथे रंगरंगोटीवर आणि कुंपणावर तासभर चर्चा होते, ती होऊ द्या. नंतर एवढंच विचारा: "तिसरीत मुलं किती, आणि त्यातल्या किती जणांना न पाहिलेला उतारा वाचता येतो?" उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. पुढच्या बैठकीत तोच प्रश्न पुन्हा विचारायचा आहे.