'न्यूट्रिमेंट' म्हणजे कोणता आहार?

पालि सुत्तांची इंग्रजी भाषांतरे वाचताना आपले विद्यार्थी 'न्यूट्रिमेंट' या शब्दाशी अडतात. 'फूड' सर्वांना ठाऊक, 'न्यूट्रिशन' शाळेच्या पुस्तकात भेटलेला. मग हा तिसरा कशासाठी? पूज्य ञाणपोनिक थेर यांनी १९६७ साली चार आहारांवरील सुत्तांची पुस्तिका काढली, तिच्या नावातही हाच शब्द आहे.

शब्द मूळचा लॅटिन. 'नुत्रिरे' म्हणजे अंगावर पाजणे, पोसणे. त्याला साधनवाचक प्रत्यय लागून 'नुत्रिमेंटुम', म्हणजे ज्याने पोसले जाते ते. इस्पितळातली 'नर्स' याच कुळातली. मूळ अर्थ दूध पाजणारी दाई. न्यूट्रिशन ही पोसण्याची क्रिया, न्यूट्रिमेंट हे पोसणारे द्रव्य.

पालि 'आहार' शब्दाची घडण निराळी. त्यात 'आणणे' हा धातू आहे. जो काही आणून देतो तो आहार, असे आचार्य बुद्धघोष विसुद्धिमग्गात सांगतात. म्हणूनच तोंडाने खाल्लेला घास हा चार आहारांपैकी एकच. उरलेले तीन म्हणजे फस्स (इंद्रियांचा विषयाशी स्पर्श), मनोसंचेतना (मनाचे संकल्प) आणि विञ्ञाण (जाणीव). स्पर्श सुखदुःखाची वेदना आणतो, संकल्प भवाकडे ओढून नेतो, विञ्ञाण नामरूप आणते. येथे 'फूड' म्हटले तर स्पर्शालाही अन्न म्हणण्याची पाळी येते! तेव्हा उत्तरपत्रिकेत 'पोषण' न लिहिता सरळ 'आहार' लिहावे, असे आम्ही सुचवतो.

पुत्तमंस सुत्तात घासाच्या आहाराला दिलेली उपमा अंगावर काटा आणते. वाळवंटात शिदोरी संपलेले आईबाप पोटच्या पोराचे मांस खाऊन वाट पार करतात. चवीसाठी नव्हे, केवळ तगण्यासाठी. यावरून बुद्धांना अन्न तुच्छ वाटे, असा अर्थ काही जण काढतात. तो आम्हांस मान्य नाही. चारांत पहिला मान घासालाच आहे. शिवाय धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीची कथा येते. हरवलेला बैल शोधून दमलेला एक गरीब शेतकरी उपाशीच धम्म ऐकायला आला. तथागतांनी त्याला आधी जेवू घालायला लावले आणि त्याचे पोट भरल्यावरच उपदेश केला. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली, तेव्हा भुकेने पीडलेल्याला धम्म समजत नाही, हे कारण त्यांनी दिले. ही कथा २०३ व्या गाथेखाली आहे. विद्यार्थ्यांनी ती जमल्यास मूळ पालीतून वाचावी.