जुन्या चौकटीला नवी चमक

ईद जवळ आली किंवा घरात लग्नकार्य निघाले, की साफसफाई सुरू होते. भिंतींना रंग देतात, पडदे धुतात, भांडी घासतात. पण ॲल्युमिनियमच्या जुन्या खिडक्या मळकटच राहतात. “आता या बदलायलाच हव्यात,” असे कोणीतरी म्हणते. बदलायला खर्च फार येतो. विद्यार्थी मित्रांनो, पुष्कळदा त्या बदलण्याची गरजच नसते. थोडी माहिती आणि थोडी मेहनत पुरते.

ॲल्युमिनियमची चमक जाते कशी? लोखंडाला गंज चढतो. गंजाच्या खपल्या गळतात आणि आतले लोखंड पुन्हा उघडे पडते. ॲल्युमिनियमचे तसे नाही. हवेतील ऑक्सिजनमुळे त्यावर एक अतिशय पातळ थर तयार होतो. तो धातूला घट्ट चिकटून राहतो व आतल्या धातूचे रक्षण करतो. हा थर म्हणजे धातूचे चिलखतच! पण त्यावर धूळ, धूर आणि पावसाच्या पाण्याचे डाग बसतात. समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या हवेमुळे पांढरे ठिपकेही पडतात. मग चौकट निस्तेज दिसते.

कामाला लागण्यापूर्वी चौकट नीट पाहा. ती साधी आहे, की तिच्यावर रंग चढवलेला आहे? काही चौकटींवरील संरक्षक थर कारखान्यात विजेच्या साहाय्याने मुद्दाम जाड केलेला असतो. याला ‘ॲनोडायझिंग’ म्हणतात. अशा किंवा रंगीत चौकटी फक्त साबणाच्या पाण्याने धुवा. त्या खरवडल्या, तर गेलेला थर घरी परत चढवता येत नाही.

साधी चौकट मात्र पुढीलप्रमाणे उजळता येते :

१. मऊ ब्रशने धूळ झाडा. सरकत्या खिडकीच्या खाचेतील माती काढा. पाणी बाहेर जाण्याची छिद्रे काडीने मोकळी करा.

२. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण मिसळा. मऊ फडक्याने चौकट धुऊन पुसा.

३. डाग उरले, तर पांढरे व्हिनेगर आणि तेवढेच पाणी एकत्र करून लावा. पाच मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुवा.

४. चौकट कोरडी झाल्यावर धातूचे पॉलिश सुती फडक्यावर घेऊन एकाच दिशेने घासा. फडके काळे होईल, घाबरू नका.

५. शेवटी मेणाचा पातळ हात द्या. त्यामुळे पाणी आणि धूळ लवकर चिकटत नाही.

काही गोष्टी कटाक्षाने टाळा. धुण्याचा सोडा व चुना ॲल्युमिनियमला खातात. ओले सिमेंट उडाले, तर ते लगेच धुऊन टाका. लोखंडी तारेच्या काथ्याने घासू नका. ओरखडे पडतात आणि अडकलेले लोखंडाचे कण गंजतात. व्हिनेगरमध्ये ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका, कारण त्यातून विषारी वायू निघतो. वरच्या मजल्यावरील खिडकीची बाहेरची बाजू मोठ्या माणसांनाच पुसू द्या.

ॲल्युमिनियम बॉक्साइट या खनिजापासून मिळते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही बॉक्साइट सापडते. त्यापासून धातू काढण्यासाठी खूप वीज लागते. जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरले, तर सुमारे ५ टक्केच ऊर्जा खर्च होते. आणि आहे तीच चौकट उजळून वापरली, तर तेवढीही लागत नाही! म्हणून जुनी वस्तू टाकण्यापूर्वी एकदा तिच्यावरची धूळ पुसून पाहा.

शब्दार्थ
निस्तेज – चमक नसलेला
चिलखत – लढाईत अंगाचे रक्षण करणारा पोशाख
सौम्य – कडक नसलेला
कटाक्षाने – काळजीपूर्वक, न चुकता

स्वाध्याय
१. लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियमवरील थर यांत कोणता फरक आहे?
२. कारणे लिहा : रंगीत चौकट खरवडू नये.
३. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू तुम्ही कशी स्वच्छ केली, ते पाच वाक्यांत लिहा.