खोली भाड्याची, आधार कागदाचा

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही हिंगोली जिल्ह्यातले, अनुसूचित जातीचे. दीड एकर कोरडवाहू जमीन आहे, बाकी मजुरी. समाजकल्याणच्या वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव लागलं नाही. चार मुलींनी मिळून चौदा हजारांत फ्लॅट घेतलाय, हिच्या वाट्याला साडेतीन हजार येतात. भाड्यासाठी सरकारकडून काही मिळतं का? घरमालक कागद करून द्यायला तयार नाही, भाडं रोख घेतो.

उत्तर : मिळतं. वसतिगृहासाठी अर्ज करूनही प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच राज्य सरकारने २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. म्हणजे यादीत नाव नसणं ही या मुलीची अडचण असली, तरी योजनेच्या दृष्टीने ती पात्रतेची एक अट आहे. वसतिगृहाच्या अर्जाची पोच तिने जपून ठेवली असेल, तर अर्धं काम झालं.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं लागतं आणि विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा लागतो. गुणांचीही अट आहे. तिच्यात वेळोवेळी बदल होत आल्याने त्या वर्षीचं परिपत्रक पाहूनच अर्ज भरावा. पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, नवी मुंबई, ठाणे आणि नागपूर इथे शिकणाऱ्यांना वर्षाला ६०,००० रुपये ठरवलेले आहेत. त्यांपैकी ३२,००० जेवणाचे, २०,००० राहण्याचे आणि ८,००० निर्वाहाचे. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शाखांना शैक्षणिक साहित्यासाठी आणखी ५,००० मिळतात. शहर लहान होत जातं तशी रक्कम ५१,००० आणि पुढे ४३,००० अशी उतरते.

आता हिशेब. अकरा महिन्यांचं या मुलीचं भाडं ३८,५०० रुपये होतं आणि राहण्यासाठीची रक्कम आहे २०,०००. भाड्याचा निम्म्याहून किंचित अधिक भाग निघतो, इतकंच. सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारलं, तर तो हेच गणित बोटांवर करून दाखवेल. ही रक्कम अपुरी आहे, आणि ती वाढवून मागण्यात विद्यार्थ्यांची काहीही चूक नाही.

त्याहून मोठी अडचण वेळेची. भाडं दर महिन्याच्या सुरुवातीला द्यावं लागतं, योजनेचे पैसे मात्र हप्त्यांनी येतात आणि पुष्कळदा फार उशिरा. रखडलेल्या हप्त्यांसाठी विद्यार्थ्यांना समाजकल्याणच्या कार्यालयांसमोर ठिय्या द्यावा लागल्याच्या बातम्या वेळोवेळी आल्या आहेत. त्यामुळे मंजुरी मिळाली म्हणून त्या भरवशावर डिपॉझिट किंवा भाडं उसनं काढू नये. पहिल्या सत्राची सोय वेगळी धरावी आणि स्वाधारचे पैसे मागाहून येणारे समजावेत. खातं मुलीच्याच नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं.

अर्ज समाजकल्याण विभागाच्या संकेतस्थळावर करायचा असतो. पुढचा पाठपुरावा हिंगोलीत करायचा नाही. कॉलेज पुण्यात आहे, म्हणून तो पुण्याच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करायचा. जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बोनाफाईड, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, स्थानिक रहिवासी नसल्याचं शपथपत्र आणि खोली भाड्याने घेतल्याचा पुरावा हे सगळं लागतं. बहुतेकांचं घोडं अडतं ते या शेवटच्या कागदापाशी.

घरमालक कागद द्यायला तयार नाही, असं वाचकांनी लिहिलं आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती टाळल्याचा दोष सिद्ध झाला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय लेखी, नोंदलेला करार नसेल आणि वाद उभा राहिला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे घरमालकाला सिद्ध करावं लागतं. यामुळे नोंदणी मालकाच्याच फायद्याची ठरते, आणि त्याच्याशी बोलताना हाच मुद्दा आधी मांडावा. पोलिसात जाण्याची भाषा केली, तर या मुलींना वर्षाच्या मध्यावर खोली शोधत फिरावं लागेल.

खर्चाचं कारण पुढे आलं तर तोही बघू. मुद्रांक शुल्काचा दर ०.२५ टक्के. अकरा महिन्यांच्या १,५४,००० रुपये भाड्यावर ते ३८५ रुपये होतं, डिपॉझिटमुळे त्यात थोडी भर पडते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. चौघींत वाटलं तर प्रत्येकीला साडेतीनशेच्या आसपास, वर करार ऑनलाइन करून देणाऱ्याचा मेहनताना. करारात चौघींचीही नावं यायला हवीत. एकीच्याच नावाने करार केला, तर बाकीच्या तिघींच्या हाती पुरावा राहत नाही. भाडंही यापुढे यूपीआयने किंवा बँकेतून द्यावं.

अशीच सोय इतरांसाठीही आहे. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना लागू होते. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याची कॉलेजात चौकशी करावी.

प्रश्न : मी ठाण्यात कापड दुकानात काम करते. पगार १८,०००, भाडं ७,०००. घरभाडे भत्ता मिळत नाही. भाडं दाखवलं तर करात सवलत मिळते असं कळलं. मला काही मिळेल का?

उत्तर : करातून काहीच मिळणार नाही. पगारात घरभाडे भत्ता नसलेल्यांना जुन्या करप्रणालीत महिना जास्तीत जास्त ५,००० रुपयांची वजावट मिळत आली आहे. पण या वाचक ताईंचं वर्षाचं उत्पन्न २,१६,००० आहे. त्यावर मुळात करच लागत नाही, मग वजावट कशातून होणार? जिला भाड्याची झळ सर्वांत जास्त बसते, तिच्यापर्यंत ही सवलत पोचतच नाही. कमी उत्पन्नाच्या कामगारांना सरसकट भाडेभत्ता देणारी योजनाही राज्यात नाही.

त्या एकट्या राहत असतील, तर एक वाट आहे. नोकरदार महिलांसाठी केंद्र सरकारच्या मदतीने चालणारी वसतिगृहं आता सखी निवास या नावाने ओळखली जातात. महानगरांत ५०,००० आणि अन्यत्र ३५,००० रुपयांपर्यंत मासिक पगार असलेल्या महिला तिथे अर्ज करू शकतात. तिथलं भाडं पगाराच्या प्रमाणात बांधलेलं आहे. स्वतंत्र खोलीला जास्तीत जास्त १५ टक्के, दोघींच्या खोलीला १०, आणि सामायिक दालनात साडेसात टक्के. १८,००० पगारावर हे आकडे २,७००, १,८०० आणि १,३५० होतात. जेवणाचे पैसे निराळे. अठरा वर्षांपर्यंतची मुलगी आणि बारा वर्षांपर्यंतचा मुलगा सोबत ठेवता येतो. राहण्याची मुदत साधारण तीन वर्षं. जागा मोजक्या असल्याने जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जवळच्या वसतिगृहांची यादी मागावी, एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी अर्ज द्यावा आणि पगाराचा दाखला मालकाच्या सही-शिक्क्यासह आधीच तयार ठेवावा.