नवीन हिस्टामिनरोधी औषधे : निवडीचा निकष

शीतपित्त, उदर्द अथवा जुनाट प्रतिश्यायाचा रुग्ण वैद्याकडे येतो तेव्हा पुष्कळदा हिस्टामिनरोधी गोळी त्याने आधीच सुरू केलेली असते. शीव येथे आयुर्विद्या प्रसारक मंडळाचे आयुर्वेद महाविद्यालय व लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय जवळजवळ आहेत. त्यामुळे एकच रुग्ण दोन्ही पद्धतींची औषधे घेत असणे स्वाभाविक आहे. म्हणून या औषधांतील भेद वैद्य व औषधविक्रेते या दोघांनाही ठाऊक असावा.

क्लोरफेनिरामाइन, हायड्रॉक्सिझिन इत्यादी जुनी औषधे मेंदूत सहज प्रवेश करतात. तंद्रा, मुखशोष व मूत्रावरोध हे त्यांचे दोष होत. झोप आली नाही तरी अवधान मंदावते, हे विशेष ध्यानात ठेवावे. नवीन औषधांत हा दोष कमी आहे. मात्र सर्वांत सारखा नाही.

सेटिरिझिन (१० मि.ग्रॅ.) व लेव्होसेटिरिझिन (५ मि.ग्रॅ.) प्रभावी आहेत, परंतु काहींना तंद्रा आणतात. ती मूत्रावाटे बाहेर पडत असल्याने वृक्कविकारात मात्रा घटवावी लागते. दीर्घकाळ घेऊन एकाएकी थांबविल्यास क्वचित तीव्र कंडू उद्भवते, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २०२५ साली दिला. लोराटाडिन (१० मि.ग्रॅ.) तंद्रा कमी आणते, यकृतविकारात जपून द्यावे. फेक्सोफेनाडिन (प्रतिश्यायात १२०, शीतपित्तात १८० मि.ग्रॅ.) सर्वांत कमी तंद्राकर आहे, फळांचा रस किंवा अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त अम्लनाशक यांबरोबर मात्र त्याचे शोषण घटते. बिलास्टिन (२० मि.ग्रॅ.) अन्नापूर्वी एक तास अथवा अन्नानंतर दोन तासांनी घ्यावे.

या नव्या औषधांच्या गुणकारितेतील अंतर सामान्यतः अल्प आहे. म्हणून किंमत वा नावीन्य हा निकष न धरता रुग्णाचा व्यवसाय, वय, वृक्क-यकृताची स्थिती व अन्य औषधे विचारावीत. रात्रपाळीचा टॅक्सीचालक किंवा यंत्रावर काम करणारा धारावीतील कारागीर यांना फेक्सोफेनाडिन वा बिलास्टिन अधिक योग्य. ‘नवे म्हणून निर्धोक’ हेही गृहीत धरू नये. टरफेनाडिन व अ‍ॅस्टेमिझोल ही एकेकाळची नवीच औषधे. हृदयाच्या लयीत घातक बिघाड होऊ शकतो असे आढळल्याने २००३ साली भारतात त्यांवर बंदी आली.

नाक चोंदणे हेच प्रधान लक्षण असल्यास या गोळ्यांचा उपयोग मर्यादित राहतो. शीतपित्तासह श्वासकष्ट, स्वरभेद, जिभेस सूज किंवा मूर्च्छा असल्यास गोळीवर विसंबू नये. तेथे अ‍ॅड्रेनलिनचे स्नायुगत इंजेक्शन हाच प्रथमोपचार असून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

हिस्टामिनरोधी औषध वेग शमविते, हेतू दूर करीत नाही. चामड्याचे रंग, पिठाची धूळ, शीत वारा अथवा विरुद्धाहार यांपैकी कारण कोणते, हे शोधून निदानपरिवर्जन करविणे हे वैद्याचेच कार्य. औषधविक्रेत्यानेही गोळी देताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : वाहन चालविता काय, आणि दुसरे कोणते औषध चालू आहे?