हॉटस्पॉट बोलू लागण्याआधी

मुंबईची बोरिवली आणि मुलुंड ही उपनगरे नकाशावर शेजारी दिसतात. पण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आहेत आणि पाच वॅटच्या हँडीचा, म्हणजे हातातल्या रेडिओचा, यूएचएफ संकेत त्या सहसा ओलांडत नाही. बोरिवलीच्या गच्चीवरून वसईशी बोलू शकणारा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, मुलुंडच्या मित्रापर्यंत पोचायला रिपीटरचा आधार शोधतो. म्हणूनच उपनगरांतल्या हौशी रेडिओवाल्यांच्या टेबलांवर एक छोटी डबी दिसू लागली आहे. आत रास्पबेरी पाय झिरोसारखा लहान संगणक, त्यावर मोडेमचा बोर्ड आणि वर बोटभर अँटेना. हँडीतून निघालेला डिजिटल आवाज ही डबी उचलते, घरच्या वायफायवरून इंटरनेटवर सोडते आणि पलीकडच्या डबीतून तो पुन्हा हवेत येतो. हॅम मंडळी तिला हॉटस्पॉट म्हणतात.

डबी जोडायला फारसा वेळ लागत नाही, ती बोलती करायला मात्र लागतो. प्रस्तुत लेखकाने अंधेरी, घाटकोपर, मुलुंड अशा ठिकाणी नव्या परवानाधारकांसोबत बसून हे हॉटस्पॉट चालू केले आहेत. त्यात एक चित्र पुन्हा पुन्हा दिसते. बिघाड एकाच जागी असतो आणि माणूस एकाच वेळी पाच जागी बदल करून बसतो. मग मूळ बिघाड कोणता आणि नवा कोणता, हे कळेनासे होते. त्यासाठी कड्या ठरावीक क्रमाने तपासाव्यात: फ्रिक्वेन्सी, वीज, सिरियल पोर्ट, स्फटिक, हँडी आणि शेवटी नेट. एक कडी पक्की झाल्याशिवाय पुढच्या कडीला हात लावू नये.

आधी परवाना, मग फ्रिक्वेन्सी

हॉटस्पॉटची शक्ती साधारण १० मिलिवॅट. दोन खोल्या ओलांडताना दमणारा संकेत. तरीही तो ट्रान्समीटरच आहे आणि भारतात तो चालवायला हौशी रेडिओचा परवाना लागतो. १९७८ च्या नियमांखाली दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा हा परवाना देते. रेस्ट्रिक्टेड वर्गाला व्हीयू३ आणि जनरल वर्गाला व्हीयू२ अशी कॉलसाइनची सुरुवात मिळते. उपनगरवासीयांना या खात्याची ओळख घराजवळच होते, कारण केंद्र सरकारचे वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन बोरिवली पश्चिमेला गोराई रोडवर आहे.

पहिला धोका इथेच आहे. परदेशी मार्गदर्शिकांत आणि तयार मेमरी कार्डांत दिलेल्या फ्रिक्वेन्सी त्या त्या देशांच्या असतात. अमेरिकेत यूएचएफचा हौशी पट्टा ४२० ते ४५० मेगाहर्ट्झ आहे, युरोपात बहुतेक ठिकाणी ४३० ते ४४०. आपल्याकडे तो फक्त ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ आहे. म्हणजे एखाद्या व्हिडिओत पाहून ४३१ किंवा ४३९ भरले, तर डबी नीट चालेल, आवाजही येईल, आणि प्रक्षेपण मात्र परवान्याबाहेरचे असेल.

या चार मेगाहर्ट्झमध्येही जागा बेताचीच. ४३५ ते ४३८ हा भाग जगभर हौशी उपग्रहांसाठी राखलेला आहे आणि कक्षेतून येणारे तिथले संकेत फार क्षीण असतात. खाली ४३३.९२ च्या आसपास गाड्यांच्या रिमोट किल्ल्या आणि दारावरच्या बिनतारी घंटा गजबजलेल्या असतात. म्हणून ४३४ च्या वर आणि ४३५ च्या खाली, थोडा वेळ ऐकून, रिकामी सापडलेली फ्रिक्वेन्सी घ्यावी आणि वहीत लिहून ठेवावी. याच कारणाने नव्या माणसाने दोन अँटेनांचा ड्युप्लेक्स बोर्ड घेऊ नये. ऐकण्याची आणि बोलण्याची फ्रिक्वेन्सी एकमेकींपासून जितकी दूर तितका तो बोर्ड नीट चालतो, आणि आपल्याकडे दूर जायला जागाच नाही. एका अँटेनाचा सिम्प्लेक्स बोर्ड स्वस्त आहे आणि मुंबईच्या घरात पुरतो.

वीज आणि कार्ड

लॅमिंग्टन रोडवर रास्पबेरी पाय घेताना बहुतेक जण पॉवर सप्लाय टाळतात. घरात मोबाइलचे चार्जर पडलेले असतातच. पण चार्जर चांगला असला तरी लांब, बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडते. पायला ५ व्होल्ट लागतात, आणि व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेले की तो कमी विजेची नोंद करतो. पडदा जोडलेला असेल तर विजेची खूण दिसते. हॉटस्पॉटला सहसा असा पडदा जोडलेला नसतो, त्यामुळे माणसाला फक्त एवढेच कळते की डबी मधूनच गप्प होते. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड’ ही आज्ञा दिली की उत्तर मिळते. शून्य आले तर वीज ठीक. दुसरे काही आले तर आधी केबल बदलावी.

कार्डाचेही तसेच. बनावट मेमरी कार्ड वरून हुबेहूब दिसते, पण वर छापलेली क्षमता आत नसते. विकत घेतल्याबरोबर पूर्ण लिहून आणि वाचून पाहिले की फसवणूक पकडली जाते. अँडी टेलर यांनी बनवलेली ‘पाय-स्टार’ ही हॉटस्पॉटची लोकप्रिय प्रणाली कार्ड नेहमी फक्त वाचण्याच्या स्थितीत ठेवते. अचानक वीज गेल्यास कार्ड बिघडण्याचा संभव त्यामुळे कमी होतो. सर्व सेटिंग जमली की त्याच दिवशी बॅकअप संगणकावर उतरवून घ्यावा.

सिरियल पोर्टची अडचण

सर्वांत जास्त वेळ इथे जातो. मोडेमचा बोर्ड पायशी जीपीआयओच्या पिनांमधून सिरियल पोर्टने बोलतो. २०१६ मध्ये आलेल्या पाय ३ वर ब्लूटूथ आले आणि पिनांना आधी मिळणारा भरवशाचा सिरियल पोर्ट ब्लूटूथला गेला. पिनांच्या वाट्याला आला ‘मिनी यूएआरटी’. त्याचा वेग प्रोसेसरच्या घड्याळाबरोबर हलतो. मोडेमला ठरलेला वेग हवा असतो, आणि तो हलला की संभाषण तुटते. भरीला त्याच पोर्टवर लिनक्सची लॉगिन खिडकीही उघडलेली असते. मोडेमला पाठवलेले शब्द तीच वाचू लागते.

पाय-स्टार वापरणाऱ्याला हे काही करावे लागत नाही, तिथे ते आधीच केलेले असते. पण ज्यांना साध्या रास्पबेरी पाय ओएसवर सर्व स्वतः बसवायचे आहे, त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. कॉन्फिग फाइलमध्ये ब्लूटूथ बंद करणारी ‘डिसेबल-बीटी’ ओव्हरलेची ओळ घालावी. सीएमडीलाइन फाइलमधून सिरियल कन्सोलचा उल्लेख काढावा. मग पाय पुन्हा सुरू करावा. २०२३ च्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून या दोन्ही फाइली ‘बूट’ऐवजी ‘बूट’च्या आतल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये गेल्या आहेत. जुनी मार्गदर्शिका वाचून जुन्या जागी केलेला बदल काहीच करत नाही आणि माणूस बोर्ड खराब आहे असे समजून बसतो.

यूएसबीला लावायच्या कोडेक काड्यांची अडचण वेगळी आहे. डी-स्टार आणि डीएमआर या डिजिटल आवाजाच्या दोन्ही पद्धतींत आवाज डीव्हीएसआय कंपनीच्या एम्बी कोडेकने आवळलेला असतो, पण डी-स्टारमध्ये त्याची जुनी पिढी आहे आणि डीएमआरमध्ये नवी. एका पद्धतीचा आवाज दुसरीत न्यायचा तर मध्ये तो उलगडून पुन्हा आवळावा लागतो. थंबडीव्हीसारख्या काडीतली एम्बी ३००० चिप ते काम करते. तिचा सिरियल वेग काही जुन्या तुकड्यांत २,३०,४०० आहे, नंतरच्यांत ४,६०,८००. वेग चुकला तर काडी मुकी वाटते. एक वेग देऊन उत्तर आले नाही की दुसरा देऊन पाहावा, आणि त्याआधी वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घातले आहे ना, ते बघावे.

फक्त हॉटस्पॉट चालवणाऱ्याला ही काडी लागतच नाही. आवाज आवळण्याचे आणि उलगडण्याचे काम त्याची हँडी करते, डबी फक्त बिट पुढे सरकवते. यायेसूच्या सी४एफएम हँडीवरून डीएमआरवर जायलाही काडी नको, कारण तिच्या नेहमीच्या डिजिटल पद्धतीत कोडेक डीएमआरचाच असतो. ‘सगळे मोड चालतात’ म्हणून काडीसह महाग संच घेणाऱ्यांनी आधी आपल्या हँडीकडे बघावे.

स्फटिकाचे गणित

जोनाथन नेलर यांच्या एमएमडीव्हीएम या मुक्त प्रकल्पातून हे मोडेम जन्मले आणि त्यांच्या नकला आज सगळीकडे मिळतात. बोर्डावर १४.७४५६ किंवा १२.२८८ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो. फर्मवेअर त्याच स्फटिकाचे हवे. ते चुकले तर दिवे लागतात, डॅशबोर्ड उघडतो, आणि बोर्ड ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीच्या जवळपासही नसतो. स्फटिकाच्या धातूच्या टोपीवर आकडा कोरलेला असतो. फर्मवेअर घालण्याआधी भिंगाने तो वाचावा.

योग्य फर्मवेअर घातल्यावरही स्फटिकात किंचित चूक उरते. दहा लाखांत एक भाग एवढी चूक ४३४ मेगाहर्ट्झवर ४३४ हर्ट्झ होते, आणि डीएमआरचा आवाज तुटायला असे काहीशे हर्ट्झ पुरतात. यावरचा उपाय म्हणजे ‘ऑफसेट’. डबी चालू करून गरम होऊ द्यावी, कारण मे महिन्यात तापलेल्या डबीचे तापमान आणि सकाळच्या थंड डबीचे तापमान वेगळे असते. मग हँडी कमी शक्तीवर ठेवून दाबून धरावी आणि डॅशबोर्डवर बीईआरचा, म्हणजे चुकलेल्या बिटांच्या प्रमाणाचा, आकडा बघावा. ऑफसेट ५० किंवा १०० हर्ट्झने सरकवत जावे. आकडा १ टक्क्याच्या खाली आला की थांबावे.

हे करताना हँडी डबीच्या शेजारी ठेवू नये. पाच वॅटचा संकेत एका हातावरून आला की बोर्डाचा रिसीव्हर गुदमरतो आणि बीईआर वाढतो. एक वॅट आणि एक खोली एवढे अंतर राखावे.

हँडी आणि नेट

डीएमआरची हँडी पहिल्यांदा हातात घेणारा तिच्या कोडप्लगने, म्हणजे सेटिंगच्या फाइलने, घाबरतो. सिम्प्लेक्स हॉटस्पॉटला त्यातले थोडेच लागते. ऐकण्याची व बोलण्याची फ्रिक्वेन्सी एकच, कलर कोड दोन्हीकडे सारखा, टाइमस्लॉट दुसरा, आणि स्वतःचा डीएमआर आयडी. भारताच्या मोबाइल कंट्री कोडांत ४०४ असल्याने आपले आयडीही सहसा ४०४ ने सुरू होतात. परवान्याची प्रत दाखवून आयडी मोफत मिळतो. दुसऱ्याचा आयडी तात्पुरता घालून चाचणी करू नये, कारण हवेत आपली ओळख म्हणून तोच जातो. हँडीत एन्क्रिप्शनची सोय असेल तर ती बंद ठेवावी. हौशी रेडिओत मजकूर लपवायला परवानगी नाही.

नेटच्या बाजूला तीन ठिकाणी लोक अडतात. झिरो डब्ल्यू आणि झिरो २ डब्ल्यू फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय ओळखतात, त्यामुळे राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर असेल तर डबीला तो दिसत नाही. डीएमआरच्या ब्रँडमायस्टर जाळ्यावर हॉटस्पॉटसाठी वेगळा पासवर्ड ठरवावा लागतो, तो दोन्हीकडे तंतोतंत सारखा हवा. आणि सोसायटीतल्या ब्रॉडबँडवर पुष्कळदा एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. ब्रँडमायस्टरला त्याने फरक पडत नाही, कारण जोडणी डबी स्वतः बाहेर करते. आयकॉमच्या डी-स्टार हँडीचा टर्मिनल मोड मात्र बाहेरून आत येणारी वाट मागतो आणि अशा नेटवर चालत नाही.

डॅशबोर्ड बाहेरून बघता यावा म्हणून राउटरवर पोर्ट उघडण्याचा मोह टाळावा. पाय-स्टारचा मूळ पासवर्ड सर्वांना ठाऊक आहे. तो पहिल्या दिवशीच बदलावा. घर बंद करून गावी जाताना डबीही बंद करावी, कारण तिच्या प्रक्षेपणाची जबाबदारी परवानाधारकाचीच असते.

सर्व जमले की ९९९० वर प्रायव्हेट कॉल करावा. हा ‘पॅरट’ आपलाच आवाज थोड्या वेळाने परत ऐकवतो. तो स्वच्छ ऐकू आला की हँडीपासून सर्व्हरपर्यंतची वाट तपासून झाली. मगच एखाद्या टॉकग्रुपवर जाऊन थोडा वेळ ऐकावे आणि दोन ओव्हरच्या मध्ये थांबून कॉलसाइन द्यावी. इतरांना आत शिरायला जागा हवी असते.

एक मर्यादा मात्र सर्वांनी ध्यानात ठेवायला हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, उपनगरांत वीज गेली आणि फोन कोलमडले. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बंद पडून मुंबईची वीज गेली आणि लोकल थांबल्या. अशा वेळी राउटर बंद पडला की हॉटस्पॉटही मुका होतो. आपत्तीत कामाला येणारा रेडिओ तो नव्हे. पावसाळ्याआधी प्रत्येक हॅमने हँडीत १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमधली एक साधी एफएम सिम्प्लेक्स वाहिनी आणि जवळच्या रिपीटरची वाहिनी भरून ठेवावी. सुट्टीच्या एखाद्या सकाळी घरचे नेट बंद करून त्या वाहिनीवरून अंधेरीहून घाटकोपरला आणि घाटकोपरहून मुलुंडला खरोखर किती ऐकू येते, ते मित्रांबरोबर तपासून घ्यावे.