एकाच गतीच्या सायकलीचे फ्रीव्हील : आवाज, टिकाऊपणा आणि निवड

सायकल उतारावरून चालली असता स्वाराने पाय थांबविले म्हणजे पायडले थांबतात, साखळी थांबते, परंतु मागचे चाक मात्र धावतच राहते. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे एखादे स्वतंत्र यंत्र असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ते यंत्र म्हणजे मागच्या चाकाच्या हबवर आट्यांनी बसविलेले दातेरी चक्र, अर्थात फ्रीव्हील. 'मुक्तचक्र' हा शब्द भाषांतरास सुबक खरा. परंतु दुकानात जाऊन तो उच्चारल्यास वस्तू मिळणार नाही, म्हणून या पुस्तिकेत रूढ शब्दच ठेवला आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, आणि पुढे नांगरांपासून इंजिनांपर्यंत वाढलेल्या उद्योगाचे ते मूळ ठरले, हे मराठी वाचकास ठाऊक आहेच. त्या काळच्या सायकलींत पायडले चाकाशी कायमची जखडलेली असत. चाक फिरे तोवर स्वाराचे पाय फिरलेच पाहिजेत. उतारावर तर पाय वर उचलून घेऊन पायडले भिरभिरू द्यावी लागत. अमेरिकेतील विल्यम व्हॅन अँडेन यांनी १८६९ सालीच यावरील तोडग्याचे पेटंट घेतले होते, परंतु फ्रीव्हीलचा खरा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस झाला. पुढे १९२१ साली जपानमधील साकाई गावी शोझाबुरो शिमानो यांनी लहानसा कारखाना उघडला, तेव्हा त्यांनी पहिली वस्तू बनविली ती फ्रीव्हीलच. कारण उघड आहे. वस्तू तळहातावर मावणारी असली तरी तिला उत्तम पोलाद, अचूक घडण आणि योग्य पाणी देण्याची कला, ही तिन्ही लागतात.

आता आतील रचना पाहू. फ्रीव्हीलचे दोन भाग असतात. आतला भाग हबवर घट्ट बसतो. बाहेरच्या भागावर साखळीचे दाते असतात. या दोहोंच्या मध्ये बारीक छर्‍यांच्या दोन ओळी असतात, त्यामुळे एक भाग दुसर्‍यावर सहज फिरतो. बाहेरच्या भागाच्या आतील कडेवर करवतीसारखे तिरपे दाते कोरलेले असतात, आणि आतल्या भागावर लहान खटके बारीक स्प्रिंगांनी बाहेर रेटलेले असतात. या खटक्यांना सायकल दुरुस्त करणारे कारागीर 'कुत्रे' म्हणतात, आणि दात धरून ठेवण्याच्या त्यांच्या कामास हे नाव शोभतेही. पायडल मारले की दाते खटक्यांना पकडतात व चाक ओढले जाते. पाय थांबले की खटके दात्यांच्या तिरप्या पाठीवरून घसरत जातात आणि प्रत्येक दात संपताच खट्‌दिशी खाली पडतात. आपण ऐकतो तो टकटक आवाज याच पडण्याचा होय.

या आवाजाचे गणित करून पाहण्यासारखे आहे. मोठ्या चाकाच्या सायकलीच्या चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर असतो. ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल धावत असता चाकाचे सेकंदास सुमारे अडीच फेरे होतात. आतील दाते २८ आहेत असे धरल्यास सेकंदास ७० खटके पडतील. दोन खटके एकाच क्षणी पडत असतील तर हे ७० आवाज जोडीचे, म्हणून मोठे. ते आळीपाळीने पडत असतील तर आवाज १४०, पण प्रत्येक निम्मा. म्हणजे गोंगाट केवळ दात्यांच्या संख्येवर अवलंबून नाही. खटक्याचे वजन, स्प्रिंगचा जोर, दात्याची खोली आणि मधले वंगण या सर्वांचा त्यात वाटा असतो. शिवाय पोकळ धातूचा हब ढोलाप्रमाणे आवाज वाढवितो, ही गोष्ट फ्रीव्हीलला दोष देणारे पुष्कळदा विसरतात.

येथे विद्यार्थ्याने विचारावे : मग स्प्रिंगा नरम केल्या की काम झाले नाही काय? झाले नाही, आणि का झाले नाही हे समजण्यासाठी खटक्यावर येणारा भार मोजला पाहिजे. समजा, ७० किलो वजनाचा स्वार चढावर उभा राहून सारा भार एका पायडलवर टाकतो. पायडलचा दांडा १७० मिलिमीटर लांब, आणि पुढच्या ४४ दात्यांच्या चक्राची त्रिज्या सुमारे ८९ मिलिमीटर. तेव्हा साखळीवर सुमारे १३४ किलोचा ताण येतो. मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असेल तर त्याची त्रिज्या सुमारे ३६ मिलिमीटर भरते, आणि खटके मध्यापासून सुमारे २४ मिलिमीटरवर दात धरतात असे मानल्यास त्यांच्यावर २०० किलोंचा भार पडतो. खटके दोन असून दोन्ही नीट पकडले तर प्रत्येकी १००. एकच पकडला तर सगळे २०० किलो काही मिलिमीटर रुंदीच्या त्या तुकड्यावर! अशा वेळी तो दाताच्या टोकाशीच अर्धवट अडकलेला असला तर घसरतो, पायडल एकदम मोकळे होऊन खाली जाते, आणि उभा असलेला स्वार हँडलवर आदळतो. भर रहदारीत हा प्रसंग जिवावर बेतू शकतो. म्हणून नरम स्प्रिंगने मिळणारी शांतता विकत घेऊ नये, असे आम्ही स्पष्टच म्हणतो.

घट्ट ग्रीसची गोष्टही जवळपास तशीच आहे. ग्रीस भरले की आवाज दबतो, हे खरे. परंतु चिकट ग्रीसमध्ये खटका बाहेर येण्यास विलंब लागतो, आणि थंडीत ग्रीस घट्ट झाले म्हणजे तो आतच रुतून बसतो. बंगळूरची थंडी तितकी कडक नसते. तेथील अडचण निराळी आहे, ती धुळीची. बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा भाग २००७ साली महानगरपालिकेत सामील झाला. त्यानंतर तेथे बाह्य वर्तुळमार्गाच्या आणि व्हाइटफील्डच्या बाजूस कचेर्‍या व इमारती यांची दाटी झाली, आणि कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड ही मेट्रो २०२३ च्या मार्चमध्ये सुरू झाली. बांधकामाची बारीक वाळू, सिमेंटची धूळ, त्यावर नैर्ऋत्य व ईशान्य अशा दोन्ही मोसमांचा पाऊस. सप्टेंबरात तर तेथे पावसाचा जोर सर्वांत अधिक. धूळ आणि ग्रीस यांचे मिश्रण म्हणजे पोलाद घासून काढणारा मळच. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असले तरी भूमी अगदी सपाट नाही. लांबट, सौम्य चढउतार असल्यामुळे तेथील स्वार पुष्कळ वेळ पाय थांबवून जातो आणि फ्रीव्हील तितकाच वेळ बोलत राहते. अशा ठिकाणी हलके, मध्यम दाट तेलच बरे. फार तर अगदी पातळ ग्रीस चालेल.

मग शांत आणि टिकाऊ हे दोन्ही गुण एकत्र मिळतच नाहीत काय? मिळतात, परंतु घडणीतून मिळतात. खटके तीन किंवा चार असावेत, म्हणजे भार वाटला जातो. दाते बारीक असल्यास प्रत्येक वेळी खटका थोडाच खाली पडतो, म्हणून ठोका हलका बसतो. शिवाय पायडल पकडण्यापूर्वीची रिकामी फिरत कमी होते. १८ दात्यांत ती २० अंशांपर्यंत असते, ३६ दात्यांत १० अंशांपर्यंत. मात्र बारीक दाते कच्च्या पोलादाचे असले तर ते लवकर झिजतात, तेव्हा स्वस्त फ्रीव्हीलमध्ये दात्यांची मोठी संख्या हा गुण समजू नये. पूर्णपणे मुके असे साधनही आहे. त्यात खटक्यांऐवजी लहान रूळ तिरप्या खाचांत बसविलेले असतात. एका दिशेने ते पाचरीसारखे आवळतात, दुसर्‍या दिशेने मोकळे होतात. मोटारसायकलीच्या सेल्फ-स्टार्टरमध्ये हेच तत्त्व वापरतात. सायकलीत ते काही हबांमध्येच आढळते, आणि त्यासाठी सहसा सगळे चाक बदलावे लागते.

दुकानात फ्रीव्हील हाती घेतल्यावर प्रथम त्याच्या कडेची फट पाहावी. ती जितकी अरुंद व झाकलेली, तितकी धूळ आत कमी जाईल. नंतर आतला भाग धरून बाहेरचा भाग अगदी सावकाश फिरवावा व कान द्यावा. ठोके एकसारखे पडले पाहिजेत. मधेच एखादा गाळला गेला तर खटका किंवा स्प्रिंग सदोष आहे. चक्र फिरताना डावीउजवीकडे डुलत असेल तर साखळीही तशीच डुलेल आणि दोन्ही लवकर झिजतील. पान्ह्यासाठी कोरलेल्या खाचा दोनऐवजी चार असाव्यात. पायडल मारता मारता फ्रीव्हील हबवर अधिकाधिक आवळत जाते, आणि वर्षा-दोन वर्षांनी ते काढावयाचे झाल्यास दोन खाचांची कड पान्ह्याखाली हमखास तुटते. साखळीची रुंदीही जुळली पाहिजे. एकाच गतीच्या सायकलीची साखळी बहुधा इंचाच्या आठव्या भागाइतकी रुंद असते. ती अरुंद दात्यांवर चालते, परंतु अरुंद साखळी रुंद दात्यांवर बसत नाही. दात्यांच्या संख्येविषयी थोडेच सांगतो : पुढे ४४ असता मागे १८ घेतल्यास पायडलच्या एका फेर्‍यात सायकल सुमारे ५.४ मीटर जाते, १६ घेतल्यास सुमारे ६ मीटर. रोज चढ व चौकातले थांबे असतील त्याने १८ घ्यावे.

नव्या फ्रीव्हीलवर जुनी साखळी चढविणे ही मात्र काटकसर नव्हे. साखळीच्या २४ कड्या मुळात बरोबर १२ इंच भरतात. त्या इंचाच्या आठव्या भागाने वाढल्या की साखळी बाद समजावी. ती नव्या दात्यांनाही थोड्याच दिवसांत आकड्यांसारखे वाकडे करते.

पावसाळा संपला की चाक काढून आडवे ठेवावे, फ्रीव्हीलच्या फटीतून थोडे रॉकेल सोडून ते उलटे फिरवावे, मळ निघून गेला म्हणजे कोरडे होऊ द्यावे आणि मग तेलाचे चारपाच थेंब घालावेत. फ्रीव्हील खिळखिळे वाटल्यास वरची दोन छिद्रांची कडी उघडून आतील पातळ चकत्यांपैकी एक कमी करता येते. त्या कडीचे आटे उलटे असतात, म्हणून ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरविली असता सुटते. ती उघडण्यापूर्वी खाली पांढरे कापड पसरावे, कारण आतले छर्रे मोहरीहून फारसे मोठे नसतात आणि फरशीवर पडले की सापडत नाहीत.