फांदी भाजली, पण…

घरात साप पाळलाय असं कळलं की सांगलीकडचे आमचे नातेवाईक व्हिडिओ कॉलवरसुद्धा दोन पावलं मागे सरकतात. म्हणून आधीच सांगते, हा नाग नाही नि धामणही नाही. भारतातले साप घरात ठेवायला १९७२च्या वन्यजीव कायद्याची आडकाठी आहे. आम्ही राहतो इंग्लंडात, रेडिंगला, आणि माझ्या मुलाचा साप आहे कॉर्न स्नेक. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, नारिंगी रंगाचा. नाव कणीस.

कणसाला चढायला फांदी हवी होती. दुकानातली किंमत बघून मी शेजारच्या आजोबांकडे गेले. त्यांनी सफरचंदाचं झाड नुकतंच छाटलं होतं. औषध फवारलंय का, एवढं विचारायचं मला सुचलं, हे नशीब. सफरचंद, ओक, बीच, बर्च, हेझल ही लाकडं चालतात. पाइन, सीडर अशी राळेची, उग्र वासाची लाकडं नकोत. यू आणि लॅबर्नम तर विषारीच. झाड ओळखू येत नसेल तर फांदी आणूच नये.

मला धास्ती होती ती किड्यांची. फांदी दोन महिने शेडमध्ये वाळवली, सुटी साल खरवडली, गरम पाणी ओतून ब्रशनं घासली, पुन्हा खडखडीत वाळवली. मग १२० अंशांवर तासभर ओव्हनमध्ये. समोर स्टूल टाकून बसले होते. लाकूड ओव्हनमध्ये ठेवून बाजारात जायचं नाही आणि तापलेल्या तारेला ते टेकू द्यायचं नाही. ओव्हनमध्ये न मावणाऱ्या फांदीवर दोन-तीनदा उकळतं पाणी ओतावं, पण मग ती आतपर्यंत वाळायला कित्येक आठवडे लागतात. ओलसर ठेवली की पांढरी बुरशी धरते. खरं तर लाकडातले बारीक किडे बहुधा कुजकं खाणारे असतात, सापाच्या वाटेला जात नाहीत. सापाचं रक्त पिणारे काळे माइट्स येतात ते बहुतेक दुसऱ्या सापाकडून. हे मला नंतर कळलं.

एवढं सोवळं करून फांदी कणसाच्या पेटीत तिरकी टेकवली, तर ती डगमगायला लागली. हाताशी पार्सलची खाकी चिकटपट्टी होती. दोन वेढे मारले, झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाची हाक आली. पट्टीचं एक टोक उचकटलं होतं आणि कणीस त्याला पोटाकडून वीतभर चिकटला होता. सुटायला जितका पीळ घ्यावा तितका जास्त अडकत होता. ओढलं असतं तर खवलेच निघाले असते. मुलानं त्याला दोन्ही हातांनी आधार दिला, मी आधी फांदीकडची पट्टी कात्रीनं कापली. मग फोडणीचं तेल वाटीत घेऊन कापसाच्या काडीनं, डोक्याकडून शेपटीकडे, कणाकणानं सोडवत गेले. पाऊण तास लागला. तरी चार खवले उचलले गेले, खाली लालसर कातडी दिसली. सापांच्या डॉक्टरांनी जखम साफ केली आणि दोन कातींनंतर खूण उरली नाही. त्या सकाळी मुलगा माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.

पेटीत चिकटपट्टी नको, कुठल्याही कोपऱ्यात नको. आमची पेटी लाकडी आहे, म्हणून आता फांदीच्या दोन्ही टोकांना आधी भोक पाडून बाहेरून स्क्रू घातलेत. काचेच्या पेटीत फांदी तळापर्यंत टेकवून जाड लाकडी बैठकीला स्क्रूनं बसवावी, मातीत नुसती खोचू नये. साप बिळात शिरायला खालून माती उकरतो आणि वरची फांदी त्याच्यावरच कोसळते. जाडी निदान सापाच्या अंगाएवढी हवी. पेटीतल्या उबेच्या दिव्याला जाळी हवी आणि फांदीवरून साप तिथे पोचता कामा नये.

आमची फांदी बसवल्यावर मी तिला दोन किलोची कणकेची पिशवी रात्रभर टांगून ठेवली. कणसाचं वजन त्याच्या निम्म्यानंही नाही. सकाळी फांदी होती तिथेच होती, फक्त ओट्याखाली पिशवी न दिसल्यामुळे नवऱ्यानं पोळ्यांऐवजी पाव भाजला होता.